तू सुटायचं नसतंय

सेलूच्या आमच्या जुन्या घराला ढाळज, म्हणजे दारालगतची ओसरी, होती आणि ढाळजेत चार सागवानी खांब होते. मे महिन्याच्या दुपारी मोठी माणसं आत माळवदाखाली झोपलेली असत. डोक्यावर मातीचा हातभर जाड थर, त्यामुळं बाहेर बेचाळीस डिग्री असली तरी आत डोळा लागायचा. आम्हा पोरांना मात्र झोप नको असायची. सुट्टीत जमणारे आम्ही सातजण. सहा भाऊ आणि मी.

२००२ साली पहिला ‘स्पायडर-मॅन’ आला आणि पुढं कधीतरी तो केबलवर हिंदीतून लागला. दुसऱ्या दिवसापासून ढाळजेत न्यूयॉर्क सुरू झालं. सगळ्यात मोठा दादा स्पायडरमॅन, कारण तो सगळ्यात मोठा. खलनायक हिरवा गॉब्लिन कोण होणार यावरून रोज भांडणं. स्पायडरमॅनची लाडकी मेरी जेन कोण होणार यावरून मात्र कधीच भांडण झालं नाही. आजीच्या फाटक्या लुगड्याची पट्टी काढून मला तिसऱ्या खांबाला बांधलं जायचं. हात मागं, गाठ खांबाच्या पलीकडं. मग गॉब्लिन आणि स्पायडरमॅन अंगणात लढायचे. मी ‘बचाओ’ असं ओरडायचं, पण हळू. मोठी माणसं उठता कामा नयेत.

एका दुपारी त्यांची लढाई रस्त्यापर्यंत गेली. तिथं बर्फाच्या गोळ्याची गाडी आली होती. लढाई थांबली, सहाजण गोळा खायला गेले आणि मी खांबाला तशीच राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, लहानपणी वेळ मोजता येत नाही. तहान मात्र आठवते. पाण्याचा माठ माझ्यापासून पाच-सहा हातांवर होता. त्याच्या बुडाखालची ओली वाळू मला दिसत होती. शेवटी मनगटं खांबावर घासून पट्टी सैल केली, एक हात बाहेर काढला, मग दुसरा. माठाजवळ जाऊन दोन तांबे पाणी प्यायले. तिथंच बसले होते तोवर दादा आला. त्याचे ओठ गोळ्याच्या रंगानं लाल झाले होते.

“तुला कोण सोडवलं?”

“मीच.”

“तू सुटायचं नसतंय,” तो म्हणाला. “खेळ मोडला ना सगळा.”

आणि मी उठून पुन्हा खांबापाशी गेले, हात मागं केले. त्यानं पट्टी आणखी घट्ट बांधली. दादाचा राग मला तेव्हाही आला नव्हता आणि आजही नाही. पण मी स्वतः हात मागं केले होते, ते डोक्यातून जात नाही.

मला हे सिनेमे मनापासून आवडतात. ते वाईट आहेत म्हणून मी हे लिहीत नाही. घरी एकटी असले, मन खचलेलं असलं की आजही मी त्यातलाच एखादा लावते. उंच इमारतींमधून झोके घेत जाणारा तो मुलगा दिसला की छाती हलकी होते. पण प्रत्येक वेळी तो क्षण येतो. नायकाचं जिच्यावर प्रेम आहे तिला खलनायक उचलून नेतो, आणि माझी मनगटं आपोआप एकमेकांना चिकटतात.

हे सगळं किती जुनं आहे ते मला पुष्कळ उशिरा कळलं. सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला १९३८ साली, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. सुपरहिरो ही गोष्टच तिथून सुरू झाली असं मानतात. त्याच अंकात त्याची नायिका लोइस लेनही पहिल्यांदा येते आणि त्याच अंकात तिला पळवून नेतात. म्हणजे सुपरहिरो आणि पळवलेली बाई एकाच दिवशी जन्माला आले. कसं पळवतात ते ऐकण्यासारखं आहे. नाचाच्या ठिकाणी एक गुंड तिच्याशी जबरदस्तीनं नाचायला बघतो. सोबतचा क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, भित्र्याचं सोंग घेऊन गप्प राहतो. लोइस त्या गुंडाच्या थोबाडीत मारते आणि टॅक्सीत बसून निघून जाते. गुंड मागून येऊन तिला उचलतात. मग सुपरमॅन त्यांची मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतो. अंकाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र आहे आणि ते आज जगभर ओळखलं जातं. त्यात मोटार आहे, घाबरून पळणारी माणसं आहेत, सुपरमॅन आहे. लोइस नाही. थोबाडीत मारणारी ती बाई पहिल्याच दिवशी चित्राबाहेर राहिली.

असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याला गोळी लागत नाही त्याला दुखवायचं कुठं, ही लेखकाची खरी अडचण असणार. नायकाचं शरीर अभेद्य करून ठेवलं की दुखण्यासाठी दुसरं एखादं शरीर लागतं. मग ते मऊ, साधं, पुलावरून पडलं तर मोडेल असं हवं. घड्याळही लागतं. अमुक वेळात पोचला नाहीस तर ती मरेल, असं म्हटलं की प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येतो. ही कारणं मला पटतात. पण मला वाटतं तिसरं एक कारण आहे आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. दोन माणसांचं प्रेम लिहिणं अवघड असतं. त्यांना एकमेकांशी बोलायला लावावं लागतं, भांडायला लावावं लागतं, कंटाळलेलं दाखवावं लागतं. तिला पळवून नेली की हे सगळं वाचतं. तो तिला शोधतोय म्हणजे त्याचं प्रेम आहे, संपलं. आणि ती काय करतेय? ती वाट बघतेय.

पहिल्या स्पायडरमॅनच्या तिन्ही सिनेमांत, २००२, २००४ आणि २००७, शेवटाकडं मेरी जेनला पळवून नेतात. तिन्हीत. मी ते इतक्यांदा पाहिलेत की आता लढाईकडं माझं लक्षच नसतं. मी तिच्याकडं बघते, आणि बघत राहिलं की काही गोष्टी सापडतात. पहिल्या सिनेमात गॉब्लिन क्वीन्सबरो पुलावर उभा असतो, त्याच्या एका हातात मेरी जेन आणि दुसऱ्या हातात लहान मुलांनी भरलेल्या रोपवेच्या डब्याची तार. दोन्ही एकदम सोडून देतो. स्पायडरमॅन दोन्ही पकडतो, हे सगळ्यांना आठवतं. पण तो पुलाला लोंबकळत असताना तिला सांगतो की आता खाली डब्यापर्यंत उतर, आणि ती उतरते. नदीच्या वर, नुसत्या तारेला धरून, मध्येच घसरत, पुन्हा पकडत. तिच्या अंगात कसलीही शक्ती नाही, तिला कोळी चावलेला नाही. तिसऱ्या सिनेमात ती वरून एक जड ठोकळा व्हेनम या खलनायकाच्या डोक्यात घालते. काही सेकंदांच्या या गोष्टी. ढाळजेत खेळणाऱ्या माझ्या सहा भावांपैकी एकालाही त्या दिसल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. दिसल्या असत्या तर मी भांडले असते की मेरी जेन तारेवरून उतरते, मला खांबाला बांधू नका.

यातला सगळ्यात जिव्हारी लागणारा सिनेमा २०१४ चा. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा दुसरा भाग. त्यातल्या ग्वेन स्टेसीचं, स्पायडरमॅनच्या मैत्रिणीचं, दुःख मूळ कॉमिकमधून आलेलं आहे. १९७३ साली गॉब्लिननं तिला पुलावरून खाली टाकलं. स्पायडरमॅननं जाळं सोडून तिचा पाय पकडला, आणि त्या अचानक बसलेल्या हिसक्यानं तिची मान मोडली. चित्रात तिच्या मानेशी ‘स्नॅप’ असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं. वाचवणाऱ्या दोरीनंच जीव घेतला, हे वाचणारे लोक अजून विसरलेले नाहीत. पण सिनेमातल्या ग्वेनला लढाईच्या जागी कुणी पळवून आणलेलं नाही. ती हुशार आहे, वीजपुरवठ्याची यंत्रणा कशी चालते ते तिला कळतं. लढाईत आपला उपयोग होईल हे तिला माहीत आहे. म्हणून तिनं येऊ नये यासाठी स्पायडरमॅन, म्हणजे तिच्यावर जीव असलेला मुलगा, तिचा हात जाळ्यानं पोलिसांच्या गाडीला चिकटवून टाकतो आणि निघून जातो.

तो प्रसंग पाहताना मी सरळ उठून बसले होते. कारण या वेळी बांधणारा गॉब्लिन नव्हता.

ती सुटते. स्वतः सुटते. तिथं पोचते, शहराची वीज पुन्हा सुरू करायला मदत करते, शत्रू हरतो. आणि मग लगेच, त्याच रात्री, घड्याळाच्या मनोऱ्यात पडून ती मरते. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या मनात ग्वेनबद्दल आदर होता यात मला शंका नाही, तिच्याइतकी जिवंत मुलगी या सिनेमांत दुसरी नाही. तरी पडद्यावर मला दादाचाच आवाज ऐकू आला. तू सुटायचं नसतंय.

१९९९ मध्ये गेल सिमोन नावाच्या लेखिकेनं अशा बायकांची एक यादीच केली होती. कॉमिक्समध्ये नायकाला पेटवण्यासाठी ज्यांना मारलं, छळलं, ज्यांची शक्ती काढून घेतली अशांची. यादीला नाव मिळालं ते १९९४ च्या ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकावरून, ज्यात नायकाला आपल्या मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. मी ती यादी वाचायला घेतली आणि निम्म्यातच थांबले. इतकी नावं एका खाली एक वाचवत नाहीत.

२००८ च्या ‘द डार्क नाइट’बद्दल बोलायला हवं, कारण तो सिनेमा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्यातलीच गोष्ट माझ्या मनात सगळ्यात खोल रुतली आहे. रेचल ही सरकारी वकील, बॅटमॅनचं जिच्यावर प्रेम आहे ती. खलनायक जोकर तिला आणि तिच्या मित्राला, हार्वीला, वेगवेगळ्या ठिकाणी स्फोटकांमध्ये बांधून ठेवतो आणि बॅटमॅनला पत्ते देतो ते अदलाबदल करून. बॅटमॅन तिच्यासाठी धावतो आणि हार्वीपाशी पोचतो. रेचल मरते तेव्हा तिचं वाक्य अर्धवट राहतं. त्याआधी तिनं एक पत्र लिहून ठेवलेलं असतं. मी हार्वीशी लग्न करणार आहे, असा तिचा निर्णय त्यात आहे. तिनं तो नीट विचार करून घेतलेला आहे. ती गेल्यावर ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, म्हणतो की ती माझीच होणार होती. आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून त्याचा म्हातारा नोकर आल्फ्रेड ते पत्र जाळून टाकतो. पुढच्या सिनेमात, म्हणजे कथेतल्या आठ वर्षांनी, तो तोंडी कबूल करतो. पत्र ते पत्रच. तिचं अक्षर गेलं.

ते पत्र जळताना मला आमच्या आत्याचं पारायण आठवलं. आत्याचं लग्न जमत नव्हतं तेव्हा तिला ‘रुक्मिणी स्वयंवर’ वाचायला बसवलं होतं. आमच्याकडं अजूनही लग्नाच्या मुलींना ते वाचायला लावतात. नाथांचा ग्रंथ, पैठणच्या एकनाथांचा. त्यांच्या आधी, तेराव्या शतकात, रामदेवरायाच्या काळात नरेंद्र कवीनंही याच विषयावर ग्रंथ रचला होता. देवगिरी काय, पैठण काय, आमच्या या भागाला रुक्मिणीच्या हरणाचा लळा फार जुना आहे. आत्या देवघरात मोठ्यानं वाचायची आणि मी बाहेर चिंचोके खेळत ऐकायची. तेव्हा कळलं ते एवढंच की कृष्णानं रुक्मिणीला रथात घालून पळवून नेलं.

मोठी झाल्यावर ती कथा नीट वाचली तेव्हा मी चकित झाले. हरण कृष्णानं केलं हे खरं, पण बेत रुक्मिणीचा होता. भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी लावायला निघालाय. ती एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र पाठवते. भागवतातल्या त्या पत्रात नुसतं प्रेम नाही, नकाशा आहे. अंतःपुरातून मला न्यायचं तर माझ्या नात्यातली माणसं मारावी लागतील, म्हणून तसं करू नको, असं ती सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर देवीच्या देवळात जाते, तिथं ये. वार ठरवला, जागा ठरवली, रक्तपात कसा टाळायचा तेही ठरवलं. आणि रुक्मी पाठलाग करून पकडला गेला तेव्हा त्याचा जीव वाचवा म्हणून मध्ये पडली तीही रुक्मिणीच. हे सगळं घडू शकलं, कारण पत्र पोचलं. मध्ये कुणी जाळलं नाही.

सीतेचं तर खरंखुरं अपहरण. तरी रामायण तिला हरवून टाकत नाही. रावण आकाशमार्गानं नेत असताना ती खाली डोंगरावर वानर बसलेले बघते आणि दागिने वस्त्रात बांधून त्यांच्यात टाकते. माग तिनं स्वतः सोडला. अशोकवनात ती रावणाशी बोलते ते मध्ये गवताची काडी ठेवून. हनुमान पाठीवर बसवून न्यायला तयार असतो तेव्हा ती नाही म्हणते आणि का नाही तेही सांगते. जात्यावर बसलेल्या आमच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या गायली ती सीता. लढाई कमी आणि तिचा वनवास जास्त. त्यांना पळवून नेणाऱ्यापेक्षा आणि सोडवणाऱ्यापेक्षा मधले दिवस महत्त्वाचे वाटले. मधल्या दिवसांत ती कुठं झोपली, काय खाल्लं, कुणाशी बोलली.

हे मधले दिवस सिनेमात नसतात. आणि ते नसतात हे माझ्या लक्षात आणून दिलं माझ्या आजीनं.

मी अकरावीला होते. घरी टीव्हीवर हिंदीतून दुसरा भाग लागला होता, २००४ चा. आजी शेजारी बाजेवर वाती वळत बसली होती. पाठीला चार यांत्रिक हात असलेला तो डॉक्टर मेरी जेनला घेऊन नदीकाठच्या पडक्या इमारतीत आलेला. आजीनं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “कवापासून बांधलंय हिला?”

मी म्हटलं, माहीत नाही, दाखवलं नाही.

“पाणी दिलं का कुणी?”

मला उत्तर देता आलं नाही. जाहिराती लागल्या. आजी वात वळता वळता म्हणाली, “आमाला दिसभर नव्हतं. बळदात.”

बळदाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. आजीचं माहेर जिंतूरकडचं. तिचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा, दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन करून आला की ती सांगायचा. १९४८ चा पावसाळा, हैदराबादची फौज शरण येण्याआधीचे दिवस. गावात रझाकार आल्याची हाकाटी झाली. पोरीबाळींना बळदात लपवलं आणि चुलते कुऱ्हाड घेऊन दारात उभे राहिले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जागचे हलले नाहीत. त्या दिवशी घर वाचलं. ती गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा आणि चुलत्यांचा चेहरा दिसायचा, ज्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं. आजी त्या गोष्टीत कुठं होती? ‘पोरीबाळी’ या शब्दात.

बळद म्हणजे वाड्याच्या दोन भिंतींमधली धान्य भरायची बंद जागा. तोंड वर, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आजी तेव्हा बारा वर्षांची. सोबत चौदा वर्षांची चुलत बहीण आणि तीन वर्षांचा भाऊ, हेच मामाआजोबा. बळदात अर्ध्यापर्यंत ज्वारी होती. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जायचा. ज्वारीची बारीक धूळ नाकातोंडात, भावाला खोकल्याची उबळ, आणि खोकला तर ऐकू येणार. तिनं त्याचं तोंड परकरात घेतलं आणि कानात चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायला लागली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी हवा जड झाली तेव्हा भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवून ती वर चढायची, झाकण बोटभर उचलून धरायची, हात भरून आला की खाली यायची. मग पुन्हा चढायची. भाऊ पाणी पाणी करत होता. तिनं त्याला परकराचा काठ चोखायला दिला आणि स्वतः एक चिंचोका जिभेखाली ठेवला.

“झाकण उगडलं तवा चुलत्यानं हात खाली घातला,” आजी म्हणाली. “दिसभर कुऱ्हाड धरून हाताला कापरं भरलं होतं त्याच्या. म्या म्हणलं, आधी याला घ्या. मंग ताईला. त्या हाताला तिसरं वजन काय पेलतंय? मी खोबणीत पाय देऊन माझी मी वर आले.”

वर आई तांब्या घेऊन उभी होती. पहिला भावाला, दुसरा बहिणीला, तिसरा तिला.

मी विचारलं, मामाआजोबांना माहीत आहे का हे? आजीनं मान हलवली. तीन वर्षांचं पोर, गाढ झोपलं होतं वर काढेस्तोवर.

जाहिराती संपल्या. पुढचा सिनेमा आम्ही दोघींनी शेवटपर्यंत पाहिला. मेरी जेनची सुटका झाली. तिला आता कळलंय की स्पायडरमॅन म्हणजे पीटर, आणि तो तिला सांगतो की आपलं जमणार नाही, तुला धोका आहे. तिचं दुसऱ्याशी लग्न ठरलेलं असतं. लग्नाचा दिवस येतो, चर्चमध्ये माणसं जमतात, नवरदेव उभा राहतो, आणि नवरी येत नाही. ती पांढऱ्या पोशाखात रस्त्यानं धावत सुटलेली असते. पीटरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते.

आजीच्या हातातली वात थांबली.

“रुक्मिणीवाणी आली की गं ही,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, पडद्यावरचा पीटर नुसताच बघत उभा आहे असं पाहून, “दारात आलीय. त्याला म्हणावं आधी पाणी दे तिला.”